ओंडका किती वेळा उचलायचा?

सदर : यंत्र आणि तंत्र



मे महिना अर्धा सरला की पेडणे-डिचोलीच्या घराघरांत दोन कामांची घाई सुरू होते. पहिलं पुरुमेंताचं : तांदूळ, मिरची, सोलं, सुकी मासळी भरून ठेवायची. दुसरं झाडांचं : कौलांवर ओणवलेली आंब्याची फांदी उतरवायची, विजेच्या तारांकडे झुकलेला माड काढायचा, गोठ्यामागचा पोखरलेला फणस पाडायचा. जूनमध्ये पाऊस लागला की ही कामं राहून जातात. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस घेणारा हा प्रदेश. जमीन भिजून मऊ झाली की वाऱ्याच्या एका झोताने झाड मुळासकट आडवं होतं. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा तर पावसाळा सुरूही झाला नव्हता. तरी गोवाभर शेकडो झाडं कोसळली, दोन माणसं गेली आणि कित्येक गावं अंधारात राहिली.

अशा वेळी अग्निशमन दलाचे जवान रस्ता मोकळा करतात, वीज खात्याचे लोक तारा जोडतात. पण रस्ता मोकळा होतो, म्हणजे ओंडके कडेला जातात. तिथून पुढे ते कुणी आणि कसे हलवायचे, हा प्रश्न घरमालकाचा आणि त्याने बोलावलेल्या चार मजुरांचा. आजचा विषय तोच आहे. झाड तोडल्यानंतरचं ओझं माणसाच्या पाठीवरून यंत्रावर न्यायचं असेल, तर कोणतं छोटं यंत्र निवडावं?

आपल्या मंडळाचे बरेच सभासद गावापासून दूर राहतात. झाड तोडायचं ठरलं की फोनवर व्यवहार होतो. "किती घेणार?" "किती दिवसांत होईल?" आणि "परवानगीचं काय?" तिसरा प्रश्न महत्त्वाचाच आहे. गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली झाड तोडायला वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. माडाला २०१६ मध्ये या कायद्याच्या व्याख्येतून वगळलं होतं, त्यावर मोठा वाद झाला आणि पुढे माड पुन्हा कायद्याच्या संरक्षणाखाली आला. त्यामुळे "माडाला काय, कुणी विचारत नाही" हे आता चालत नाही. पण या तीन प्रश्नांत एक प्रश्न कधीच नसतो : तोडलेलं लाकूड हलवणार कसं?

पेडण्याकडच्या एका जुन्या जाणत्या तोडप्याने हे एका वाक्यात सांगितलं होतं. "झाड कापपाक वेळ लागना, व्हरपाक लागता." कापायला वेळ लागत नाही, वाहून न्यायला लागतो. पन्नाशी उलटलेला तो माणूस अजूनही माडावर सरसर चढतो, पण खाली पडलेला कोयता उचलायचा तर आधी गुडघ्यावर हात टेकतो.

बारा टनांचा हिशेब

आपण एक साधा हिशेब करू. अंगणातला मध्यम आंबा घ्या. बुंध्याचा व्यास ६० सेंटिमीटर, सरळ खोड ६ मीटर. ओलं लाकूड पाण्यापेक्षा फारसं हलकं नसतं. घनमीटरला ९०० किलो धरलं, तर नुसतं खोड सुमारे दीड टन भरतं. जाड फांद्या तेवढ्याच धरल्या तर झाड झालं तीन टनांचं.

आता हे तीन टन किती वेळा उचलले जातात ते मोजा. पडलेल्या जागेवरून पायवाटेवर, हा पहिला उचल. पायवाटेवरून रस्त्याच्या कडेच्या ढिगावर, दुसरा. ढिगातून पिकअपमध्ये, तिसरा. पिकअपमधून खाली, चौथा. तीन टन गुणिले चार म्हणजे बारा टन. एका झाडासाठी माणसांनी बारा टन उचलले. तुकडा सरासरी ३० किलोचा धरला तर चारशे वेळा वाकणं आलं. चार माणसांत वाटलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला शंभर उचल आणि तीन टन.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाचा एक मीटर लांब तुकडा अडीचशे किलो भरतो. तो ३० किलोचा करायचा असेल तर बारा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या पाडाव्या लागतील. म्हणजे ६ मीटरच्या खोडाला पन्नासएक काप! प्रत्यक्षात एवढे काप कुणी मारत नाही. मग साठ-सत्तर किलोचा तुकडा दोघे मिळून उचलतात किंवा लोळवत नेतात, आणि बोटं, पावलं, नडगी यांना इजा होते ती इथेच. दुसरीकडे, जितके काप जास्त तितका चेनसॉ हातात जास्त वेळ राहतो, तितकं तेल जास्त जळतं, तितका धोका वाढतो. शिवाय चकत्या झालेलं लाकूड सरपणाच्याच भावाने जातं. फणसाचं सरळ खोड लांब तुकड्यांत निघालं तर सुताराला दारं-खिडक्यांसाठी उपयोगी पडतं. माणसाच्या पाठीला झेपावं म्हणून आपण चांगल्या लाकडाचं सरपण करतो आणि तरीही पाठ वाचत नाही.

व्यासाचं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होतं. ३० सेंटिमीटर व्यासाचा मीटरभर तुकडा ६४ किलोचा असतो, ६० सेंटिमीटरचा २५४ किलोचा. नजरेला दुप्पट दिसणारं ओझं हाताला चौपट लागतं. म्हणूनच अंदाज चुकतात आणि कंबरेत कळ येते.

पाठीचं तरफशास्त्र

शाळेत तरफ शिकलो होतो, ती इथे कामाला येते. वाकून ओझं उचलताना कंबरेचा मणका हा टेकू. ओझं टेकूपासून अर्ध्या मीटरवर आणि ते तोलणारे पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर. म्हणजे २५ किलोचं ओझं तोलायला स्नायूंना साधारण दहापट, २५० किलोचा जोर लावावा लागतो. धडाचं स्वतःचं वजन वेगळंच. हा सगळा दाब मणक्यांमधल्या गादीवर येतो. एकदा-दोनदा निभावतं. दिवसाला शंभर वेळा, वर्षानुवर्षं, नाही निभावत.

म्हणून जगभर यासाठी मर्यादा ठरवल्या आहेत. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचं सूत्र सगळी परिस्थिती आदर्श असताना २३ किलो धरतं, आंतरराष्ट्रीय मानक २५ किलो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये कमाल वजनाचा करार केला. त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा आहे. भारताने तो करार २०१० मध्ये मान्य केला. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही जड ओझ्याविषयी कलम होतं. पण भाटात ओंडका वाहणारा माणूस कारखान्यात काम करत नाही. त्याच्याकडे तपासणीला कुणी येत नाही, सुरक्षा अधिकारी नसतो, पाठ गेली तर रजा नसते. त्याच्या ओझ्यावर नियम करू शकणारा माणूस एकच, त्याला कामावर बोलावणारा. म्हणजे आपण.

जेसीबी सगळीकडे चालत नाही

यंत्र म्हटलं की गावात पहिलं नाव निघतं जेसीबीचं. पुढे बादली आणि मागे खोदायचा हात असलेलं ते पिवळं यंत्र साताठ टनांचं आणि सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद असतं. रस्त्यालगतच्या झाडाला ते ठीक आहे. पण आपल्याकडचं घर डोळ्यांसमोर आणा. चिऱ्याचा गडगा, त्यातली अरुंद शिडी किंवा फाटक, आत तुळस, विहीर, सांडपाण्याची टाकी, आणि झाड असतं नेमकं मागच्या परसात. तिथे जेसीबी न्यायचा तर आधी गडगा पाडावा लागतो. टाकीवरची लादी आठ टन पेलत नाही. शिवाय एवढं वजन शेजारच्या चांगल्या झाडांच्या मुळांवरून गेलं की माती आवळते आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर ती झाडं सुकायला लागतात.

हायड्रा क्रेनचंही तसंच. रस्त्यावर उभी राहून जड खोड उचलून थेट ट्रकमध्ये ठेवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. तिचा हात पोचतो तिथपर्यंत उत्तम, पुढे निरुपयोगी.

आणि एक कळकळीची सूचना. जेसीबीच्या बादलीने उभं झाड ढकलून पाडायची पद्धत दिसते, ती करू देऊ नका. वरची वाळकी फांदी मोडून थेट चालकाच्या डोक्यावर येते, मुळांचा गड्डा उसळतो, झाड कुठे पडेल यावर ताबा राहत नाही. झाड पाडायचं काम जाणत्या तोडप्याचं. यंत्राचं काम त्यानंतर सुरू होतं.

छोट्या यंत्रांची ओळख

छोटे लोडर जन्माला आले तेच अडचणीच्या जागेसाठी. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात केलर बंधूंनी टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी यंत्र बनवलं. त्याच्या दुमजली कोठाराचे खांब जवळजवळ होते, म्हणून यंत्र जागच्या जागी वळणारं हवं होतं. वरच्या मजल्यावरही चालवायचं होतं, म्हणून हलकं हवं होतं. त्यातूनच पुढे बॉबकॅट या नावाने प्रसिद्ध झालेला स्किड स्टिअर लोडर घडला. आधी जागा मोजली, मग यंत्र बनवलं, हा क्रम लक्षात ठेवायचा. आपल्यापुढे आज चार पर्याय आहेत.

पहिला, स्किड स्टिअर. भारतात सहज मिळतो. वजन अडीच ते साडेतीन टन, रुंदी दीड मीटरच्या पुढे. ताकद भरपूर. पण एका बाजूची चाकं थांबवून, घसटत वळतो, त्यामुळे वळताना जमीन खरवडतो. पक्क्या आवारात चांगला, बागेत नको.

दुसरा, उभं राहून चालवायचा छोटा लोडर. रुंदी जेमतेम ९० सेंटिमीटर, चालक मागच्या फळीवर उभा राहतो. परसदारी जाणारं हे खरं यंत्र. अमेरिकेत झाडकाम करणाऱ्यांनी ते खूप आपलंसं केलं आहे. बहुतेक यंत्रं रबरी पट्ट्यांवर चालतात, त्यामुळे जमिनीवरचा दाब चालत्या माणसाच्या पावलाइतकाच पडतो.

तिसरा, मधोमध सांध्यावर वळणारा लोडर. युरोपात फिनलंडची अव्हांट, इटलीची मल्टीवन, हॉलंडची जायंट अशी यंत्रं झाडकामात दिसतात. रुंदी मीटर-सव्वा मीटर. पुढचा आणि मागचा भाग सांध्यात वाकून वळतो, चाकं घसटत नाहीत. बागेच्या जमिनीला सगळ्यात सौम्य.

चौथा, आपल्या ओळखीचा : वीस-पंचवीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर, त्याला पुढे लोडर किंवा मागे विंच. ओढकाम, फवारणी, ट्रॉली, सगळंच करतो. दुरुस्ती तालुक्यात होते. मात्र पुढे ओझं घेताना मागे वजन बांधावं लागतं, नाहीतर मागची चाकं जमीन सोडतात.

कोणतंही निवडलं तरी पुढे बादली नको, पकड हवी. दोन जबड्यांची पकड ओंडका जमिनीवरून थेट उचलते. बादलीत ओंडका माणसांनाच चढवावा लागतो, मग यंत्राचा अर्धा फायदा तिथेच गेला.

माहितीपत्रकातला आकडा कसा वाचायचा

विक्रेता अश्वशक्ती सांगतो. आपण विचारायचं ते वेगळं : सुरक्षित उचल क्षमता किती? यंत्र किती ओझ्याला पुढे कलंडतं ते मोजतात. चाकांच्या लोडरला त्याच्या निम्मं आणि पट्ट्यांच्या लोडरला साधारण ३५ टक्के, ही सुरक्षित क्षमता मानतात. काही पत्रकांवर कलंडण्याचाच आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. तो क्षमता समजून यंत्र घेतलं तर पहिल्याच उतारावर मागची चाकं वर येतील. सांध्यावर वळणाऱ्या यंत्राचा आकडा पूर्ण वळलेल्या अवस्थेतला मागा, कारण वळल्यावर तोल कमी होतो. आणि हे सगळे आकडे सपाट, पक्क्या जमिनीवरचे असतात. कातळाच्या उतरणीला ते लागू नाहीत.

त्यातून पकडीचं वजन वजा करायचं. समजा क्षमता ३५० किलो आणि पकड १०० किलोची. उरले २५०. म्हणजे आपल्या आंब्याचा एक मीटरचा तुकडा, तोही अगदी काठावर. त्यातून शहाणपणाचा निर्णय निघतो : या यंत्रासाठी काप ८० सेंटिमीटरवर मारा, तुकडा दोनशे किलोचा होईल. पन्नास चकत्यांच्या जागी सात-आठ तुकडे. दोन मीटरचं खोड सुतारासाठी सलग हवं असेल तर ते पाचशे किलो, त्याला मोठं यंत्र लागेल किंवा उचलण्याऐवजी विंचने ओढावं लागेल. यंत्र आणि कापाची लांबी एकमेकांना बांधलेली आहेत. ती चेनसॉ सुरू होण्यापूर्वी ठरली पाहिजे.

माडाचं गणित सोपं. ३० सेंटिमीटर जाडीचा, १२ मीटर उंचीचा माड पाऊण टनाच्या घरात जातो. दीड मीटरचे आठ तुकडे केले तर एकेक शंभर किलोच्या आतबाहेर. छोट्यातलं छोटं यंत्रही एका वेळी एक सहज नेतं.

पेडणं वेगळं, डिचोली वेगळी

आता जमीन बघू. मोरजी, मांद्रे, हरमल या किनारपट्टीत माडांच्या भाटात रेती आहे. अरुंद चाकं रुततात. तिथे रबरी पट्टे किंवा रुंद, कमी हवेची चाकं हवीत. आत इब्रामपूर, हणखणे, चांदेलकडे काजूच्या डोंगरी उतरणी. तिथे यंत्र उतरणीला आडवं चालवायचं नाही, सरळ वर किंवा सरळ खाली. ओझं असेल तेव्हा ओझ्याची बाजू चढाकडे, म्हणजे चढताना पुढे तोंड करून आणि उतरताना उलटं. ओंडका जमिनीपासून हातभर उंचीवरच ठेवायचा, मिरवत वर न्यायचा नाही. फार तीव्र उतरणीवर लोडर नेऊच नये. वर सपाटीवर ट्रॅक्टर उभा करून विंचने ओढावं.

डिचोलीत चिऱ्याचा कातळ. धारदार जांभ्यावर रबरी पट्टे लवकर फाटतात, म्हणून तिथे चाकंच बरी. आणि दऱ्यांतली कुळागरं म्हणजे वेगळंच जग. पोफळींच्या ओळी, मिरवेल, मधून वाहणारे पाट. पाटाचा काठ एकदा ढासळला की सगळ्या बागेचं पाणी बिघडतं. तिथे सांध्यावर वळणारं मीटरभर रुंदीचं यंत्र, पाटावर जाड फळ्या टाकून, तेही एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी असतानाच. आणि जिथे तेही जात नाही तिथे दोन चाकांची कमानीची हातगाडी. ओंडका साखळीने कमानीखाली टांगला की त्याचं बहुतेक वजन चाकांवर येतं, दोन माणसं तो ढकलत नेतात. डिझेल नाही, चालक नाही, गावच्या फॅब्रिकेटरकडे बनते. या सगळ्या यादीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पर्याय हाच.

डिचोलीकडे एक गोष्ट आहे जी दुसरीकडे सहज मिळणार नाही. खाणीवर मोठी यंत्रं चालवलेले आणि दुरुस्त केलेले हात. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द ठरवल्या, तेव्हा चालक आणि मेकॅनिक यांच्या घरांवर काय आलं ते आपण पाहिलं आहे. हायड्रॉलिकचा पाइप फुटला तर काय करायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. छोट्या लोडरच्या धंद्यातला अवघड भाग यंत्र विकत घेण्याचा नसतो. जूनच्या तोंडावर ते बंद पडल्यावर दुसऱ्या दिवशी चालू करण्याचा असतो. म्हणून परदेशी यंत्र घेण्याआधी सुटे भाग कुठून आणि किती दिवसांत येतात, हे लेखी विचारा.

घ्यायचं कुणी?

एका घराने असं यंत्र घेऊ नये. वर्षातून चार दिवस लागणारी वस्तू उरलेले ३६१ दिवस गंज धरते. झाडकाम करणारी टोळी असेल तर तिने आधी दोन हंगाम भाड्याने वापरून कामाचे दिवस मोजावेत, मगच विकत घ्यायचा विचार करावा. बागायतदाराला ट्रॅक्टर परवडतो, कारण तो बाकी वर्षभर कामात असतो. दोन-तीन वाड्यांनी किंवा एखाद्या सहकारी संस्थेने मिळून एक सांध्याचा लोडर ठेवला तर तो झाडांबरोबर शेणखत, चिरे, वाळूही वाहील. वाहतुकीचा विचारही आधीच करा. टन-सव्वा टनाचं यंत्र फळ्या लावून पिकअपवर चढतं. तीन टनांच्या स्किड स्टिअरला ट्रक लागतो आणि त्याचं भाडं प्रत्येक कामावर चढतं.

मजुरांची कामं जातील का, असा प्रश्न मला विचारला गेला आहे आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. एका झाडामागे माणूस-दिवस कमी होतील हे खरं. पण पावसाळ्याआधीच्या महिन्यात कामं पडून असतात आणि हात मिळत नाहीत, हेही तितकंच खरं. तरुण मुलं या कामात येत नाहीत. आपल्या बापाची कंबर त्यांनी घरात बघितलेली असते. ओझं कमी झालं तर निदान जे आहेत ते आणखी काही वर्षं उभे राहतील, आणि माडावर चढायची, दोर बांधायची, काप नेमका मारायची त्यांची विद्या कुणी तरी शिकेल. यंत्रामुळे वाचलेल्या वेळेतला थोडा मोबदला त्यांच्या मजुरीत दिसला पाहिजे, एवढं मात्र मालकाने पाहायचं.

कारण खरी अडचण यंत्राची नाहीच, दराची आहे. आपण तीन जणांकडून भाव मागवतो आणि सगळ्यात कमी असेल त्याला काम देतो. तो कमी कसा असतो? हलवायचा खर्च त्याने आपल्या माणसांच्या पाठीवर टाकलेला असतो. भावात यंत्राचं भाडं धरणारा माणूस महाग दिसतो आणि काम गमावतो. दोन-चार वेळा असं झालं की तोही यंत्र सोडून देतो.

फोनवर विचारायच्या पाच गोष्टी

तेव्हा यंदा घरी फोन कराल तेव्हा एवढं करा.

१. झाडापासून रस्त्यापर्यंतच्या वाटेवरची सगळ्यात अरुंद जागा टेपने मोजून घ्यायला सांगा. एक मीटर आहे की दीड, यावर अर्धा निर्णय होतो.

२. खोडाचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो, त्यावरून वजन काढा.

३. विहीर, टाकी, पाइप, विजेची तार कुठे आहे त्याचे फोटो मागवा.

४. "लाकूड हलवणार कसं?" हे विचारा आणि त्याचा खर्च वेगळा लिहून द्यायला सांगा. विंच असो, हातगाडी असो की लोडर, त्या ओळीवर घासाघीस करू नका.

५. यंत्र असेल तर चालकाच्या डोक्यावर संरक्षक चौकट आणि कमरेला पट्टा असावा, उचललेल्या ओंडक्याच्या आसपास कुणी उभं राहू नये, आणि तोल राखायला यंत्राच्या मागे माणसं उभी करू नयेत. ही शेवटची पद्धत सर्रास दिसते आणि जीवघेणी आहे.

आपल्या झाडाचा हिशेब पुन्हा मांडून पाहा. पकडीच्या लोडरने तुकडे बुंध्यापासून थेट पिकअपमध्ये गेले आणि उतरवताना पिकअप मागे घेऊन ते लोळवले, तर चार उचलींपैकी माणसाच्या वाट्याला जवळपास एकही राहत नाही. नुसती हातगाडी वापरली तरी पहिल्या दोन उचली जातात, म्हणजे बारांतले सहा टन. काप कुठे मारायचे आणि पिकअप कुठे उभी करायची एवढं जरी आधी ठरवलं, तरी एक उचल कमी होते, म्हणजे तीन टन. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात मोजमापं झाली तर पाऊस यायच्या आत सगळं नीट होतं. तुमच्या वाड्यावर कुणी असं यंत्र किंवा हातगाडी वापरत असेल तर मंडळाकडे जरूर कळवा. कोणती वाट, कोणतं झाड, किती दिवस, आणि दुसऱ्या दिवशी माणसं सरळ उभी राहिली का, एवढं लिहिलंत तरी इतरांना त्याचा उपयोग होईल.